वैद्यकाची पदवी : किंमत किती, मोल किती?

(लखनौच्या विकास नगरात मराठी कामगार व नोकरदार कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेला मेडिकलच्या फीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु गेल्या दोन दिवसांत चौकातील गलाईच्या दुकानांत आणि इकडे विकास नगर, अलीगंज भागातील नोकरदारांच्या घरी गेलो असता जो प्रश्न मला वारंवार विचारण्यात आला, तो हाच होता. मुलगी बारावीला आहे, जीवशास्त्र घेतले आहे; कर्ज काढून तिला मेडिकलला घालावी काय? की नर्सिंग बरे? की फिजिओथेरपी? विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा संकोच असतो. पक्षाच्या माणसाला असला घरगुती प्रश्न विचारावा की नाही, असा तो संकोच. तो टाकून द्यावा. कष्टकरी कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचे काय होणार, याहून राजकीय प्रश्न मला तरी दुसरा ठाऊक नाही.

येथील पुष्कळ कुटुंबे सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातून आलेली आहेत. शेती पोटाला पुरेना म्हणून माणसे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन देशभर पसरली. तेजाबाचा तो तांबूस धूर छातीत काय करतो, हे कळायला पदवी लागत नाही. खोकला पुरे होतो. त्या धुरात उभे राहून मिळविलेला पैसा मुलाच्या अंगावर पांढरा कोट चढावा म्हणून बाजूला काढला जातो. या इच्छेत लाजण्यासारखे काही नाही. मात्र ही इच्छा बाजारात नेमकी कोण विकत घेतो आणि कोण विकतो, हे आपण पाहिले पाहिजे.

प्रथम किमतीचा हिशेब करू. याच शहरातील किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज, ज्याचे आता विद्यापीठ झाले आहे, त्याची कोनशिला १९०५ मध्ये बसली आणि १९११ मध्ये ते सुरू झाले. तालुकदारांच्या देणग्या त्यात होत्या, म्हणजे अखेर अवधच्या कुळांनी भरलेल्या खंडाचा पैसा त्यात होता. तेथे एम.बी.बी.एस.चे वर्षाचे शिक्षणशुल्क आजही लाखाच्या आत आहे. महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांत ते लाख-दीड लाखापर्यंत जाते. तेथून एक पायरी खाली उतरून खासगी महाविद्यालयात गेलात की वर्षाला दहा ते वीस लाख मोजावे लागतात, आणि महाराष्ट्रातील अनेक अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्याही वर. अभ्यासक्रम तोच, परीक्षेचे विषय तेच, नावापुढे लागणारी अक्षरेही तीच. फरक एवढाच की एका जागेची किंमत समाजाने आधीच भरलेली आहे आणि दुसरीची किंमत बापाने भरावयाची आहे.

आता समजा, एखाद्याने खासगी जागेसाठी साठ लाखांचे कर्ज काढले. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवे असेल तर बँक सहसा तारण मागते. म्हणजे गावाकडची जमीन किंवा येथील घर आधीच गहाण पडले. दहा टक्के व्याज आणि फेडीची मुदत दहा वर्षे धरली, तर हप्ता दरमहा सुमारे ७९,००० रुपये येतो आणि साठ लाखांचे जवळजवळ पंच्याण्णव लाख होतात. शिक्षण चालू असतानाचे व्याज मी यात धरलेलेच नाही. आणि मिळकत? सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता व इतर भत्ते धरले तर हप्ता भागून थोडेसे उरेल; पण कायम नेमणूक मिळाली तरच. आरोग्य अभियानातील कंत्राटी डॉक्टरला महाराष्ट्रात साधारण साठ हजार मिळतात; म्हणजे सगळा पगार बँकेला देऊनही हप्ता अपुरा. बरे, नुसत्या एम.बी.बी.एस.ला हल्ली कोण विचारतो, म्हणून पुढे एम.डी., एम.एस. करावयाचे, तर तेथे पुन्हा तोच बाजार आणि त्याहून चढे भाव.

सोलापूरच्या एका साध्या मध्यमवर्गीय घरातील डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह पाच जणांच्या पथकातून चीनच्या रणभूमीवर गेले. डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागाविषयी आपण दरवर्षी बोलतो आणि बोलावेच. पण दरमहा एकोणऐंशी हजारांचा हप्ता डोक्यावर असलेला सत्तावीस वर्षांचा डॉक्टर चीनला तर राहोच, गडचिरोलीला तरी जाऊ शकेल काय? याच लखनौत डॉ. रशीद जहाँ यांनी दवाखाना चालविला. त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजच्या १९२९ च्या पदवीधर, स्त्रीरोगतज्ज्ञ, उर्दूतील बंडखोर लेखिका आणि कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद. अशी माणसे केवळ मनाच्या मोठेपणातून घडतात, असे समजणे हा भाबडेपणा आहे. पदवी सावकाराकडे गहाण नसणे ही त्याची भौतिक पूर्वअट असते.

पदवी गहाण पडू लागली ती कधीपासून? पैसे भरून डॉक्टर करणारे पहिले मोठे खासगी महाविद्यालय १९५३ मध्ये मणिपालला निघाले. १९६३ मध्ये बेळगावला निघाले आणि कोल्हापूर, सांगलीकडील खाऊनपिऊन सुखी घरांतील मुले तिकडे जाऊ लागली. देणगी हा शब्द मराठीत मोठा पवित्र होता. दान, दक्षिणा, देणगी अशी त्याची संगत. त्याचा अर्थ प्रवेशाची लाच असा झाला तो या काळात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार महाराष्ट्रात उघडले. मराठी पोरांचा पैसा कर्नाटकात का जावा, असा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. पैसा मग कर्नाटकात गेला नाही, तो साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडे गेला. ज्यांच्या हाती ऊस होता आणि बँक होती, त्यांच्याच हाती शिक्षणही आले. पदवीला केवढे मोल चढले होते याची साक्ष १९८६ सालात आहे. मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले.

पुढची कथा उत्तर प्रदेशच्या मंडळींनी विशेष लक्ष देऊन ऐकावी, कारण तिची नायिका मेरठची आहे. तिला कर्नाटकातील एका खासगी मेडिकल कॉलेजने वर्षाला साठ हजार मागितले. तेथे सरकारी जागेवरील विद्यार्थी दोन हजार भरत होता, कर्नाटकातील इतर विद्यार्थी पंचवीस हजार, आणि बाहेरून आलेला साठ हजार. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९२ च्या मोहिनी जैन खटल्यात न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरविली. शिक्षण हा हक्क आहे, विक्रीची वस्तू नव्हे, असा त्याचा आशय होता. एका वर्षातच, १९९३ मध्ये, उन्नीकृष्णन खटल्यात तो निकाल सौम्य करण्यात आला. निम्म्या जागा गुणवत्तेच्या, कमी फीच्या. निम्म्या पैसे भरणाऱ्यांच्या. आणि २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तीही योजना मोडीत काढली. नफेखोरी नको, देणगी नको, पण वाजवी शिल्लक उरली तर हरकत नाही, असे ठरले. त्या खटल्याला नाव आहे टी. एम. ए. पै प्रतिष्ठानचे, म्हणजे १९५३ मध्ये मणिपालला महाविद्यालय काढणाऱ्यांचेच. वाजवी कशाला म्हणावयाचे, हे तेव्हापासून शुल्क समित्या ठरवीत आल्या आहेत आणि संस्थाचालकांचे सनदी लेखापाल त्यांना ते समजावून देत आले आहेत.

मोदी सरकारच्या काळात याच्याही पुढची पायरी आली. निती आयोगाने २०२० मध्ये जी योजना पुढे केली, तिच्याप्रमाणे जिल्ह्याचे सरकारी रुग्णालयच खासगी महाविद्यालयाला जोडून द्यावयाचे. खाटा जनतेच्या, रुग्ण जनता, इमारत जनतेची. फी मात्र चालकाची. खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांना सरकारी दराने फी आकारावी, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले खरे. बहुतेक ठिकाणी ते कागदावर राहिले.

ही किंमत शेवटी भरतो कोण? मार्क्सने श्रमशक्तीच्या मूल्याचे विवेचन करताना तिच्या शिक्षणाचा खर्चही त्यात मोजला आहे. सुताराचे काय, डॉक्टरचे काय, कसब शिकविण्यास जे लागले ते वेतनातून परत मिळावयास हवे. परंतु पांढऱ्या कोटाच्या दुनियेत या नियमाचे दोन तुकडे झालेले दिसतात. ज्याने फी भांडवल म्हणून गुंतविली आणि ज्याच्यापाशी स्वतःचे नर्सिंग होम काढण्याइतका पैसा मागे उरला, तो ती व्याजासह रुग्णाकडून वसूल करतो. नको असलेल्या तपासण्या, नको असलेले सीझर, पाठविलेल्या रुग्णामागे मिळणारे कट. या कट प्रॅक्टिसविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा तयार झाला. कायदा झाला नाही. व्यक्तिशः डॉक्टर वाईट असतो म्हणून हे घडते, असे मी म्हणत नाही. भांडवल ज्याच्या हाती जाते त्याला ते आपल्या चालीने चालविते.

दुसरा तुकडा आहे परिचारिकांचा, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांचा, फिजिओथेरपिस्टांचा आणि कर्ज डोक्यावर घेऊन कॉर्पोरेट इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या तरुण डॉक्टरांचाही. यांनी शिक्षणाचा खर्च घरातून केला आणि मालकाला तयार कसब आयते मिळाले. वेतनातून तो खर्च कधीच भरून येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली होती, की पन्नास खाटांपर्यंतच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांहून कमी देऊ नये आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर वेतन राज्य सरकारच्या परिचारिकेइतके असावे. आपल्यापैकी ज्यांच्या मुली या शहरातील खासगी इस्पितळांत काम करतात, त्यांना तेथील आकडा मी सांगावयास नको. हेच काम एम्समध्ये करणाऱ्या नर्सिंग अधिकाऱ्याचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते. कसब एकच, संघटना आणि सरकारी नेमणूक या दोन गोष्टींनी वेतन दुप्पट-तिप्पट होते. केरळमधील खासगी इस्पितळांच्या परिचारिकांनी २०१७ मध्ये संप करून वीस हजारांचा किमान आकडा पदरात पाडून घेतला. आणि पदवीच नसलेल्या ज्या आशाताईंच्या खांद्यावर खेड्यातील आरोग्यसेवा उभी आहे, त्या तर कागदोपत्री कर्मचारीही नाहीत. जून २०२१ मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांना त्यासाठी संपावर जावे लागले.

काही घरांत मला परदेशाचा पर्याय ऐकावयास मिळाला : किर्गिझस्तान, रशिया, जॉर्जिया. वीस-तीस लाखांत डॉक्टर. आपल्या पिढीतील जुन्या साथींना आठवत असेल की मॉस्कोच्या लुमुंबा विद्यापीठात हिंदुस्थानातील सामान्य घरांतील मुले जात असत, तेव्हा फी नव्हतीच. उलट विद्यावेतन मिळे. १९९१ नंतर त्याच देशांत डॉलर मोजणारा खजिनदार खिडकीत येऊन बसला. क्यूबाने मात्र १९९९ मध्ये हवानात लॅटिन अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि गरीब देशांतील हजारो मुलांना फुकट डॉक्टर केले. तेही अमेरिकेची नाकेबंदी सोशीत. आज परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्याला येथे पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि गेल्या काही वर्षांत एका वेळी चार-पाच जणांत एकच तीत उत्तीर्ण होताना दिसतो. उरलेल्यांचे काय होते, ते दलाल सांगत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून सुमारे अठरा हजार भारतीय विद्यार्थी पळत परत आले, तेव्हा देशाला प्रथमच कळले की आपली एवढी मुले तेथे आहेत. १ मार्च रोजी खारकीव्हमधील माऱ्यात कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी ठार झाला. बारावीला त्याचे गुण उत्तम होते. मायदेशात त्याला परवडेल अशी जागा नव्हती.

काल एका गृहस्थांनी मला रोखठोक विचारले : "पुढाऱ्यांची मुले डॉक्टर होतात आणि आमच्या मुलींना तुम्ही नर्सिंग सांगता, हा कुठला समाजवाद?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला आडवळणाने उत्तर देणे मला शोभणार नाही. सरकारी जागा मिळत असेल तर देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात मिळो, मुलीला पाठवा. ती जागा तुमच्याच करातून झालेली आहे. २०२४ च्या नीटला सुमारे चोवीस लाख मुलांनी नाव नोंदविले होते आणि सरकारी जागा साठ हजारांच्या आतबाहेर होत्या, हे ध्यानात ठेवून एकदा पुन्हा परीक्षा देऊ द्या. तिसऱ्या, चौथ्या वर्षीही कोचिंगवाल्याच्या दारात तिला उभी करू नका. जमीन गहाण टाकून खासगी एम.बी.बी.एस. घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगतो. ज्याच्या घरात आधीच दवाखाना आहे, त्याला ती गुंतवणूक कदाचित परवडते. पगारावर जगणाऱ्याला ती परवडत नाही. खासगी दंतवैद्यक महाविद्यालयांविषयी तर अधिकच सावध राहा. तेथून बाहेर पडलेली किती मुले खुर्ची-यंत्रसामग्रीचा खर्च झेपत नाही म्हणून दुसऱ्याच्या दवाखान्यात नाममात्र पैशांवर राबतात, ते आधी पाहून या. सरकारी नर्सिंग महाविद्यालयातील जागा खासगी फिजिओथेरपीपेक्षा किंवा खासगी दंतवैद्यकापेक्षा मला केव्हाही मोलाची वाटते, आणि ती दुय्यम म्हणून मी सुचवीत नाही. लॅबचे, क्ष-किरणाचे जे अभ्यासक्रम गल्लोगल्ली निघाले आहेत, त्यांची मान्यता तपासल्यावाचून एक पैसाही भरू नका. या व्यवसायांसाठी केंद्रीय कायदाच मुळी २०२१ मध्ये झाला. तोपर्यंत कोणीही फलक लावीत होता.

परंतु शहाणपणाने निवड केल्याने एक घर वाचेल. बाजार तसाच राहील. विचार करा : एकीकडे पदवी घेतलेल्या मुली बिनपगारी अनुभवपत्रासाठी फिरत आहेत आणि दुसरीकडे २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ऐंशी टक्के तज्ज्ञ डॉक्टर कमी आहेत. रुग्ण आहे, शिकलेला माणूस आहे, इमारतही आहे. मंजूर जागा भरली जात नाही, कारण ती भरली तर पगार द्यावा लागेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. म्हणून जिल्हा रुग्णालय खासगी चालकाच्या हाती देण्याचा प्रस्ताव आपल्या गावी येईल तेव्हा, तो येथे येवो की सांगलीत, पालक म्हणूनसुद्धा त्याच्या विरोधात उभे राहा. कंत्राटी परिचारिकांचा मोर्चा निघाला तर तो परक्यांचा समजू नका. तुमच्या मुलीच्या पदवीचे मोल त्या मोर्चात ठरत असते.

आता शेवटचा मुद्दा, जो परराज्यात राहणाऱ्यांच्याच वाट्याला येतो. महाराष्ट्रातील सरकारी जागांच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. लखनौत शिकलेल्या मुलाला तेथे प्रवेश नाही, मग आजोळ कितीही जवळचे असो. येथील शाळेतून उत्तीर्ण झाल्याने त्याला उत्तर प्रदेशाचा कोटा मिळू शकतो. पण जातीचे आरक्षण राज्य बदलताच सोबत येत नाही. याचा निर्णय १९९० मध्ये घटनापीठाने दिला, तोही एका मेडिकल प्रवेशावरूनच. आंध्रातून मुंबईला सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीनिमित्त आलेल्या आदिवासी कर्मचाऱ्याच्या मुलाला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागा नाकारण्यात आली आणि न्यायालयाने ते उचलून धरले. वडिलांना ज्या दाखल्यावर नोकरी मिळाली, तो दाखला मुलाच्या शिक्षणाला चालला नाही. मजुराला राज्याच्या सीमा नसाव्यात आणि त्याच्या हक्कांना मात्र असाव्यात, अशी ही व्यवस्था आहे आणि तिच्याविरुद्ध आपण आवाज उठविला पाहिजे.

तोवर एक वाट मोकळी आहे. अखिल भारतीय पंधरा टक्के जागा आणि केंद्रीय संस्था यांच्यासाठी केंद्राची यादी लागते. तेथे वडिलांच्या मूळ जिल्ह्यातील दाखल्याच्या आधारे मागासवर्गीय किंवा इतर मागासवर्गीय प्रमाणपत्र मिळविता येते. कुणबी, धनगर, महार, मांग कुटुंबांनी ते गावाकडून वेळेत काढून घ्यावे. मराठा कुटुंबे केंद्राच्या मागास यादीत नाहीत. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि इतर अटी बसत असतील, तर त्यांनी आर्थिक दुर्बलांचा दाखला येथील तहसीलीतून घ्यावा. ज्यांची मुले यंदा दहावीला आहेत, त्यांनी दिवाळीला गावी जाताना वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आजोबांच्या नोंदीचा उतारा बरोबर आणावा. निकाल लागल्यावर ही कागदपत्रे गोळा करावयास फारसा वेळ मिळत नाही. कोणाला त्या अर्जांत अडचण असेल, तर सभा संपल्यावर थांबावे. आपण येथेच बसून ते भरू.